चांगल्या दिवसांची अडचण : आमवातासोबत जुळवून घेण्याचे एक प्रकरण

(हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचे नाही. या आजारात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका व्यक्तीत गुंफून ते रचले आहे.)

चिठ्ठी

"औषध नियमित घेत नाहीत. समजूत घालावी." सांधेविकारतज्ज्ञांची एवढीच चिठ्ठी घेऊन त्या समुपदेशनाला आल्या. वय ३९. काम दातांच्या कॅप, ब्रिज आणि कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये. तिथे कुणाच्या पुढच्या दाताचे काम आले की ते त्यांच्याच टेबलावर जाते, हे त्यांनी बसल्या बसल्याच सांगितले. घरी नवरा आणि पंधरा वर्षांचा मुलगा.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, म्हणजे आमवाताचे, निदान होऊन चौदा महिने झाले होते. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते असा हा आजार. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दोन-तीन पटींनी जास्त आढळतो. त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांचे मुळाचे आणि मधले सांधे, मनगटे आणि पायांचे चवडे धरले होते. सकाळी उठल्यावर दीड तास बोटे वळत नसत. औषध म्हणून आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट आणि जोडीला फॉलिक ॲसिड. सुरुवातीला थोडे दिवस स्टेरॉइडही दिले होते.

"मला मानसिक वगैरे काही नाहीये हं," त्या म्हणाल्या. "बरी झाले की सगळं मार्गी लागेल. तोवर ढकलतेय."

काय काय ढकलले आहे असे विचारल्यावर यादी लांबत गेली. संगणकावर दातांचे डिझाइन करण्याचे प्रशिक्षण, मुलासोबत पोहायला जाणे, घराचा रंग, एका मैत्रिणीला भेटणे, चष्म्याचा नंबर तपासणे. शेवटच्या दोन गोष्टींसाठी बोटे लागतही नाहीत. तरी त्याही रांगेत उभ्या होत्या.

वहीतला गुरुवार

त्यांना एक वही ठेवायला सांगितली. तीनच नोंदी: सकाळी बोटे किती वाजता मोकळी झाली, हाताने दिवसभरात काय काय केले, आणि त्या आठवड्याची गोळी घेतली का. दुखण्याला दहापैकी गुण द्यायला मुद्दाम सांगितले नाही. रोज आकडा मागितला की काहींचे लक्ष दिवसभर त्या आकड्यावरच खिळून राहते.

एका गुरुवारी बोटे अर्ध्या तासातच मोकळी झाली होती. त्या दिवशीची नोंद पानभर आहे. साचलेल्या कॅपचे वॅक्स कोरून संपवले, दोन ब्रिजचे फिनिशिंग केले, प्लास्टरची मॉडेल ट्रिम केली. घरी आल्यावर कपाट रिकामे करून पुन्हा लावले. रात्री मुलाच्या दप्तराचा उसवलेला पट्टा जाड सुईने शिवला. अक्षर सुबक, ओळी सरळ.

शुक्रवारची नोंद मुलाच्या अक्षरात आहे: "आईची बटणं बाबांनी लावून दिली. रजा." शनिवारी नुसते "रजा". रविवारचा रकाना कोरा.

अशा जोड्या वहीत पुन्हा पुन्हा आल्या. दीर्घ आजाराचा माणूस समोर आला की आपण सगळे, डॉक्टर, घरचे, समुपदेशकसुद्धा, त्याच्या वाईट दिवसांची विचारपूस करतो. चांगला दिवस गेला की हायसे वाटून पुढे जातो. या बाईंचा घोळ मात्र चांगल्या दिवशीच होत होता. सकाळी बोटे हलकी लागली की आजार गेला, निदान जायला निघाला, असे त्या धरून चालत. मग राहिलेले सगळे एका दिवसात उरकायचे आणि त्याची भरपाई पुढचे तीन दिवस करायची. चौथ्या दिवशी जरा बरे वाटले की पुन्हा तेच.

गोळीचेही गणित यातच दडले होते. वाईट आठवड्यात त्या गोळी कधीच चुकवत नसत. सलग दोन आठवडे बरे गेले की चुकवत. या औषधाचा गुण दिसायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, आणि ते सोडल्यावर परिणामही हळूहळूच ओसरतो. त्यामुळे गोळी चुकवली त्याच्या दुसऱ्या दिवशी काहीच बिघडत नाही. उलट बरेच वाटते, कारण गोळीनंतरची मळमळ नसते. सांधे पेटतात ते पुढे कधीतरी, आणि तोवर दोष द्यायला हवा बदललेली असते, कामाचा ताण वाढलेला असतो किंवा घरी पाहुणे येऊन गेलेले असतात. चुकवलेली गोळी संशयितांच्या यादीत येतच नाही.

"समजूत घालावी" या सूचनेचा इथे फारसा उपयोग नव्हता. औषधाचे महत्त्व त्यांना पाठ होते. दीर्घ मुदतीची औषधे सांगितल्याप्रमाणे घेण्याचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्क्यांच्या आसपासच असते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटले आहे. ही निम्मी माणसे अडाणी किंवा बेफिकीर असतात असे मानले तर पुढे काही सुचणेच बंद होते.

प्लास्टर निघायची वाट

आजारी माणूस आपल्या आजाराविषयी स्वतःचे एक चित्र तयार करतो आणि डॉक्टरांच्या सल्ल्यापेक्षा त्या चित्राबरहुकूम वागतो, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केली. त्या चित्रात पाच गोष्टी असतात: हे आहे काय, कशामुळे झाले, किती दिवस चालेल, याने माझे काय होईल आणि याला आवर घालता येईल का. या पाच प्रश्नांवरून बोलणे काढले. चार उत्तरे ठीकठाक होती. घोडे अडले ते मुदतीवर.

बारा वर्षांच्या असताना त्या झाडावरून पडल्या होत्या आणि हात मोडला होता. "बाबा रोज सांगायचे, प्लास्टर निघालं की हात पहिल्यासारखा. आणि झालाच." आजारपण म्हणजे काय, याचा त्यांच्याकडचा सगळ्यात पक्का अनुभव तो होता. निदानाच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "औषधाने आटोक्यात राहील." त्यांच्या कानांनी ऐकले ते "बरे होईल". आमवात दबतो, वर्षानुवर्षे शांतही राहू शकतो, पण बहुतेकांना त्यासाठी औषधावर आणि तपासण्यांवर राहावे लागते. चौदा महिने त्या प्लास्टर निघण्याची वाट पाहत होत्या. जे प्लास्टर मुळात घातलेलेच नव्हते.

हे कळल्यावर लगेच "हा जन्मभराचा आजार आहे" असे ठणकावून सांगण्याचा मोह होतो. तो टाळला. त्यांना प्रश्न केला, की पुढच्या वर्षी हात आजच्यासारखेच असतील असे धरले, तर यादीतले काय आधी कराल? त्या बराच वेळ गप्प होत्या. मग जरा चिडूनच म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही पण हात टेकलेत?"

हा राग कामाचा होता. जुळवून घेणे आणि हार मानणे त्यांच्या मनात एकच होते, आणि हार मानायची नाही म्हणून त्या जुळवूनही घेत नव्हत्या. आजूबाजूचे लोक यात भरच घालत होते. "लढवय्यी आहेस", "पॉझिटिव्ह राहा", "मनात आणलं तर काय होत नाही". अशा शाबासकीचा एक तोटा असा, की विश्रांती घेणारा माणूस पळपुटा ठरतो.

घरच्यांनी याला नाव देऊन टाकले होते: ती अजून नकाराच्या टप्प्यात आहे, हळूहळू स्वीकाराच्या टप्प्यावर येईल. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले पाच टप्पे घरोघरी पोचले आहेत, पण ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून आलेले आहेत. आमवाताच्या माणसाला दहा-वीस-तीस वर्षे जगायचे असते आणि त्या काळात आजार चढत-उतरत राहतो. ही वाट पायऱ्यांची नाही. एका आठवड्यात नकार, राग आणि स्वीकार तिन्ही येऊन जातात, तेही कधी उलट्या क्रमाने.

नैराश्य आहे का?

हे तपासणे भाग होते. पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या, २७ गुणांच्या प्रश्नावलीत त्यांना १३ गुण पडले. आकडा मध्यम नैराश्याकडे बोट दाखवतो. पण गुण पडले कुठे? थकवा, झोप, भूक आणि लक्ष न लागणे यांतच ९. सांध्यांच्या दाहाने माणूस असाच थकतो, आणि कूस बदलताना मनगट दुखले की झोप अशीच मोडते. उदासी, रस न वाटणे आणि स्वतःला कमी लेखणे यांत मिळून ४ गुण. जीव नकोसा होण्याच्या प्रश्नाला शून्य. तो प्रश्न समोरासमोर, सरळ शब्दांत पुन्हा विचारला, तरी उत्तर तेच.

आमवाताच्या रुग्णांमधील नैराश्याचे अभ्यास २०१३ मध्ये एकत्र तपासले गेले. सविस्तर मुलाखतीने निदान केले तर प्रमाण सुमारे १७ टक्के आणि याच प्रश्नावलीने मोजले तर सुमारे ३९ टक्के निघाले. दोन्हींतला फरक सगळाच खोटा नसतो. तरी एकट्या आकड्यावर विसंबून गोळ्या सुरू करू नयेत, हे त्यातून समजते. तसेच "आजारच असा, उदास वाटणारच" म्हणत खरे नैराश्य सोडून देण्याची चूकही तितकीच महागात पडते. इथे उपचार लागणारे नैराश्य नाही, पण लक्ष ठेवावे, असे ठरले. राग आणि लाज मात्र भरपूर होती.

"तू राहू दे"

नवऱ्यासोबत बैठक घेतली. भला माणूस. बायकोच्या हातातली प्रत्येक वस्तू काढून घेणारा. बाटलीचे झाकण, गादीची चादर, दाराची कडी, सगळ्याला "तू राहू दे". आणि त्या? दुखत असले तर सांगत नसत, कारण सांगितले की उरलेले कामही हातातून जाई.

"अहो, मी लहान मूल आहे का?"

"अगं पण तू काही बोलतच नाहीस. मग मी अंदाजाने करतो."

नवऱ्याला स्वतःची भीतीही होती. पुढे हिला चालता येईल का, नोकरी टिकेल का. ती बायकोला कळू नये म्हणून तो जास्तच हसतमुख राहत होता. जोडीदाराला झळ लागू नये म्हणून आपली काळजी लपवायची, असे वागणे हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्यांच्या पत्नींमध्ये संशोधकांनी १९९० च्या सुमारास टिपले होते. लपवणाऱ्याला त्याचा ताण होतो आणि समोरच्याला मदत नक्की किती हवी ते कळत नाही. इथे दोघेही लपवत होते.

ठरले ते फार साधे. सकाळी चहाच्या आधी त्या दोन गोष्टी सांगतील: आज यात हात लावा, आज यात हात लावू नका. आणि मधल्या सगळ्यात विचारून मदत. नवऱ्याला हे जमायला वेळ लागला. बाटली उघडण्यासाठी बायको धडपडत असताना शेजारी नुसते उभे राहणे त्याला आपले कामच वाटेना.

घड्याळ लावून थांबणे

ऑक्युपेशनल थेरपिस्टने वॅक्स कोरण्याच्या हत्यारांच्या मुठी फोमने जाड करून दिल्या, कारण बारीक दांडी चिमटीत धरायला सांध्यांवर जास्त जोर येतो. मनगटाला पट्टा दिला. पट्टा घरी वापरला जाई, लॅबमध्ये पिशवीत राही. त्यामागची लाज नंतर बाहेर आली.

मुख्य बदल वेळेचा होता. पंचवीस मिनिटे बारीक काम, मग दहा मिनिटे हात मोकळे किंवा वेगळे काम. दुखते म्हणून थांबायचे नाही आणि दुखत नाही म्हणून पुढे रेटायचे नाही. घड्याळ म्हणेल तेव्हा थांबायचे. दुखल्यावर थांबणाऱ्याला उशीर झालेला असतो आणि दर वेळी विश्रांतीची सांगड वेदनेशी पडत जाते.

वाईट दिवशी त्यांनी हे लगेच पाळले, चांगल्या दिवशी अजिबात नाही. "हात चालतोय आणि मी बसून राहायचं? दिवस फुकट घालवल्यासारखं वाटतं." म्हणून नियम उलटा केला: वाईट दिवशी जमेल तसे, चांगल्या दिवशी मात्र घड्याळ सक्तीचे. हळूहळू वहीत सलग तीन कोरे रकाने दिसणे कमी झाले. भराभर उरकलेले दिवसही कमी झाले आणि त्याबद्दल त्या कुरकुरत राहिल्या. ती कुरकुर रास्त होती. भरभरून काम केल्याच्या दिवसाची मजा खरोखरच गेली होती.

गोळीबाबत दोन अडथळे निघाले. एक मळमळ, दुसरे भय. हेच औषध कर्करोगात वापरतात असे त्यांनी वाचले होते आणि मनात ते "विष" झाले होते. आमवातात मात्रा त्या मानाने फारच लहान असते, आणि यकृत व रक्तपेशींच्या ठरावीक तपासण्या त्या मात्रेवर नजर ठेवण्यासाठीच असतात. हे माझ्याकडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांकडून ऐकावे म्हणून प्रश्न लिहून त्यांना परत पाठवले. डॉक्टरांनी गोळीऐवजी त्वचेखालचे इंजेक्शन सुरू केले. काहींना त्याने मळमळ कमी होते, यांनाही झाली. वार पक्का ठरवून घेतला, कारण हे औषध चुकून रोज घेतले गेले तर जिवावर बेतू शकते.

पुढचा दात

इथवरचे सगळे तसे व्यवस्थापनाचे होते. अवघड भाग पुढेच होता.

एकदा त्या स्वतःचे जुने काम घेऊन आल्या: प्लास्टरच्या मॉडेलवर बसवलेला, वरचा पुढचा एक दात. शेजारच्या खऱ्या दाताची कड किंचित झिजलेली होती, म्हणून यांनी बनवलेल्या दाताचीही कड तेवढीच झिजवलेली. "तोंडात बसवल्यावर कुठला खोटा ते ओळखू आलं नाही पाहिजे. आता कड घेताना हात थरथरतो." बोलता बोलता त्या रडल्या. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच, असे त्या म्हणाल्या.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल बरी यांनी १९८२ मध्ये आमवाताच्याच ३० रुग्णांशी बोलून लिहिले, की असा आजार माणसाच्या चरित्रालाच मध्येच तोडतो: आपण कोण आहोत आणि पुढे काय होणार, याची धरून चाललेली गोष्ट मोडते. या बाईंच्या बाबतीत ती मोड बरोबर त्या कडेवर होती. सगळे सल्ले दुखण्याविषयी चालले होते आणि त्यांचे दुःख कौशल्याविषयी होते. ते मधे न तोडता ऐकून घेण्यात बराच वेळ दिला. त्यावर उपाय सुचवायची घाई करण्यासारखे तिथे काही नव्हते.

लॅबमध्ये स्कॅन घेऊन संगणकावर दात आखण्याची सोय होती. "माउसने केलेला दात म्हणजे काय दात?" म्हणत त्यांनी ती आजवर नाकारली होती. शेवटी अर्धवट मनाने शिकायला बसल्या. दाताची कड कुठे झिजवायची हे ज्याच्या डोळ्याला कळते, त्याला पडद्यावरही कळते, हे त्यांना दिसले, आवडले नाही. आता बहुतेक काम पडद्यावर, दुसऱ्यांच्या कामाची रंगछटा आणि आकार तपासणे त्यांच्याकडे, आणि आठवड्यात एखादा पुढचा दात अजूनही हाताने, बोटे मोकळी असतानाच्या तासात.

पुन्हा पेटले

पाचव्या महिन्यात तापाचे निमित्त झाले आणि सांधे पुन्हा सुजले. फोनवर पहिले वाक्य: "सगळं पाण्यात गेलं."

कॅनडातील परिचर्या-संशोधक बार्बरा पॅटरसन यांनी २००१ मध्ये मांडले, की दीर्घ आजारात कधी आजार पुढे येतो आणि बाकीचे आयुष्य मागे सरते, तर कधी उलट होते, आणि ही अदलाबदल चालूच राहते. आजार पुढे आला म्हणजे माणूस पुन्हा सुरुवातीला गेला असे नव्हे. हे बोलून दाखवण्यापेक्षा वही उघडली. या वेळी नवऱ्याला पहिल्याच सकाळी सांगितलेले होते. इंजेक्शन परस्पर टाळण्याऐवजी, ताप असताना घ्यायचे की थांबवायचे, हे डॉक्टरांना फोन करून विचारलेले होते. जंतुसंसर्गात ते विचारूनच ठरवायचे असते. आणि मनगटाचा पट्टा लॅबमध्ये बांधलेला होता. "सगळ्यांनी पाहिला. दोघांनी विचारलं. एकाने मला वाटलं होतं तसंच तोंड केलं," त्या म्हणाल्या.

सध्या

दुखणे समुपदेशनाने फारसे कमी झालेले नाही, आणि तसे कबूलही केलेले नव्हते. औषध चुकलेले नाही. प्रश्नावलीचा आकडा ८ आहे, त्यातला बहुतेक थकव्याचाच. चष्म्याचा नवा नंबर घेतला, मैत्रीण भेटून गेली, रंगकाम तसेच आहे. "मनावर घे, सगळं बरं होईल" म्हणणाऱ्या मोठ्या बहिणीचा फोन त्या अजूनही उचलत नाहीत, आणि त्या बाबतीत त्यांना काही बदलायचे नाही.

मुलाने मध्यंतरी विचारले, "आई, हे मलाही होईल का?" सख्ख्या नात्यात धोका थोडा वाढतो, पण बहुतेक मुलांना हा आजार होत नाही, एवढी माहिती त्यांच्याकडे होती. तरी त्यांनी उत्तर टाळले. पुढच्या बैठकीत मुलालाही बोलावले आहे. त्यानंतरची भेट तीन महिन्यांनी, किंवा लागोपाठ दोन आठवडे औषध चुकले तर त्याआधी.